मोठ्या टू-स्ट्रोक इंजिनांची अश्वशक्ति

यंत्राची ओळख करून देतांना प्रथम त्याची अश्वशक्ति सांगावयाची, अशी रीत सर्वत्र पडून गेली आहे. ती सोयीची आहे, पण पुरेशी नाहीं. बाजारांतील एखाद्या लहान मोटारगाडीचें इंजिन साठेक अश्वशक्तीचें असतें. तींतून पांच माणसांचें कुटुंब सामानसुमानासह घाट चढून जातें आणि त्या शक्तीची कोणाला भीति वाटत नाहीं. परंतु जवळजवळ तेवढ्याच अश्वशक्तीचें इंजिन शंभर किलोग्रॅम वजनाच्या मोटारसायकलीवर बसविलें, तेव्हां मुरलेले स्वारहि उजव्या हाताची मूठ जपून पिळूं लागले. माती, वाळू व खांचखळगे यांच्या मार्गावरील शर्यतींसाठीं १९७० पासून पुढें तीसेक वर्षें ज्या मोठ्या टू-स्ट्रोक मोटारसायकली तयार झाल्या, त्यांच्याविषयीं हें विवेचन आहे. आंकडा तोच असतां परिणाम इतका निराळा कां, हा त्यांतला खरा प्रश्न.

पंचाहत्तर किलोग्रॅम वजन एका सेकंदांत एक मीटर उचलावयास जी शक्ति लागते, ती एक अश्वशक्ति. विहिरीवरील मोट बैलांनीं सावकाश ओढली काय किंवा झपाट्यानें ओढली काय, वर येणारें पाणी तेंच आणि काम तेंच; पण झपाट्यानें ओढणाऱ्या जोडीची शक्ति अधिक. काम किती झालें एवढेंच नव्हे, तर तें किती वेळांत झालें, हें अश्वशक्ति सांगते. इंजिनाच्या बाबतींत हा हिशेब दोन गोष्टींच्या गुणाकाराचा आहे. इंजिनाचा आंस किती जोरानें पिळला जातो ही एक गोष्ट, आणि तो मिनिटाला किती फेऱ्या घेतो ही दुसरी. आतां बारा हा आंकडा चार त्रिक बारा असा येतो, तसाच सहा दुणे बारा असाहि येतो. उत्तर एक असलें तरी आंतले आंकडे निराळे असतात. दोन इंजिनांची अश्वशक्ति समान असली म्हणून त्यांचा स्वभाव समान असतो असें नाहीं, तें यामुळेंच.

ह्या शर्यतींचा उगम इंग्लंडांत आहे. १९२४ सालीं सरे परगण्यांतील कँबर्ली येथें झालेली स्पर्धा ह्या प्रकारची पहिली मानतात. पुढें फ्रेंच लोकांनीं ह्या खेळाला ‘मोटोक्रॉस’ हें नांव दिलें. १९५२ मध्यें ५०० सी.सी. वर्गाची युरोपीय स्पर्धा सुरू झाली व १९५७ मध्यें तिला जागतिक अजिंक्यपदाचा दर्जा मिळाला. त्या वेळीं ह्या वर्गांत सारें राज्य चार धावांच्या, म्हणजे फोर-स्ट्रोक इंजिनांचें होतें. हीं इंजिनें दणकट व भरवशाचीं, पण जड होतीं. टू-स्ट्रोक म्हणजे भाजीबाजाराला जावयाची हलकी फटफटी, असाच तेव्हांचा समज होता.

आपल्याकडील कित्येक श्रोत्यांच्या हाताखालून टू-स्ट्रोक गेलेलें आहे. पुण्याजवळ आकुर्डीस होणारी बजाज स्कूटर ज्यांनीं वापरली, त्यांना पेट्रोलांत तेल मिसळणें, सकाळचा निळसर धूर आणि काजळीनें भरलेला प्लग हें सारें आठवत असेल. तें तेल कां लागे, हें त्या इंजिनाच्या रचनेवरून कळतें. फोर-स्ट्रोक इंजिनांत आंत घेणें, दाबणें, पेटविणें व बाहेर टाकणें ह्या चार क्रिया दट्ट्याच्या चार धावांत होतात आणि त्यांसाठीं झडपा लागतात. इंग्लंडांतील बाथ येथील जोसेफ डे यांनीं १८९१ मध्यें एका निराळ्या इंजिनाचें पेटंट घेतलें. त्यांत दट्ट्याखालची क्रँकची पेटी हीच भात्यासारखी वापरली होती. त्यांच्याच कारखान्यांतील फ्रेडरिक कॉक ह्या कामगारानें पुढच्या सुधारणेंत दट्ट्याच्या बाजूकडूनच आंत येण्याचें भोंक उघडण्यामिटण्याचें काम करून घेतलें. झडपा गेल्या, कॅम गेले, सांखळ्या गेल्या. दट्ट्या वर जातांना पेटींत ताजें मिश्रण खेंचतो, खालीं येतांना तेंच वर लोटतो, आणि प्रत्येक फेरीस एक स्फोट होतो. पेटीचा असा भाता झाल्यामुळें तींत वंगणाचें तेल सांठविणें शक्य नाहीं, म्हणून तें पेट्रोलाबरोबरच द्यावें लागतें.

प्रत्येक फेरीस स्फोट, म्हणजे फोर-स्ट्रोकच्या दुप्पट स्फोट. तेव्हां शक्तीहि दुप्पट मिळावी असें वाटतें. पण ती मिळत नसे. जळलेला वायु बाहेर जाण्याचें दार आणि ताजें मिश्रण आंत येण्याचें दार हीं दोन्ही एकाच वेळीं उघडीं राहतात. त्यामुळें आलेला पाहुणा मागल्या दारानें निघून जावा तसें ताजें मिश्रण न जळतांच बाहेर पडे. जर्मनींत आडोल्फ श्न्यूर्ले यांनीं १९२० नंतरच्या दशकांत येणारे झोत बाहेरच्या दारापासून दूर, मागच्या भिंतीकडे वळविण्याची युक्ति काढली. तिनें बरीच सुधारणा झाली. तथापि खरी क्रांति झाली ती नळीनें.

पूर्व जर्मनींतील चोपाऊ गांवीं एमझेड नांवाचा कारखाना होता. तेथील शर्यतविभागाचे प्रमुख वॉल्टर काडेन यांनीं १९५० नंतरच्या दशकांत एक्झॉस्टच्या नळीचा बारकाईनें अभ्यास केला. ही नळी म्हणजे नुसतें धुराडें नव्हे. दार उघडतांच दाबाची एक लाट नळींतून धांवत जाते. नळी पुढें रुंद होत गेली कीं उलट दिशेनें शोषणाची लाट परतते, आणि ती ताज्या मिश्रणाला सिलिंडरांत ओढून घेते. कांहीं मिश्रण तर नळींतहि ओढलें जातें. त्यानंतर नळी पुन्हा निमुळती होते, तेथून दाबाची लाट माघारी फिरते आणि बाहेर निसटलेलें मिश्रण दार मिटण्यापूर्वीं आंत ढकलून देते. पोटाशीं फुगलेली व दोन्ही टोकांना निमुळती अशी ती नळी ह्याकरितां असते. १९६१ मध्यें काडेन यांच्या १२५ सी.सी.च्या इंजिनानें २५ अश्वशक्ति दिली. म्हणजे लिटरमागें दोनशें! त्याच वर्षीं त्यांचा स्वार अर्न्स्ट डेगनर स्वीडनमधील शर्यतीच्या वेळीं पश्चिमेकडे निसटला आणि ही विद्या घेऊन जपानांत सुझुकीकडे गेला. पुढल्याच वर्षीं तो सुझुकीच्या गाडीवर ५० सी.सी. वर्गाचा जगज्जेता झाला. काडेन मात्र तेथेंच राहिले.

ह्या नळींत एक मोठी मेख आहे, आणि मोठ्या टू-स्ट्रोक गाड्यांच्या स्वभावाचें मूळ तिच्यांत आहे. थोडें गणित करून पाहूं. इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्या घेत असेल तर एका फेरीस सेकंदाचा शंभरावा भाग लागतो. बाहेरचें दार सुमारें अर्धी फेरी उघडें असतें, म्हणजे सेकंदाचा दोनशेंवा भाग. तापलेल्या वायूंत लाट सेकंदाला सुमारें पांचशें मीटर जाते असें धरलें, तर तेवढ्या वेळांत ती अडीच मीटर जाईल. जाऊन येऊन अडीच, म्हणजे नळीच्या शेवटच्या निमुळत्या भागापर्यंत सव्वा मीटर अंतर हवें. त्या मापाची नळी बसविली कीं लाट दार मिटण्याच्या सुमारास नेमकी परतते. पण फेऱ्या ३,००० वर आल्या कीं दार दुप्पट वेळ उघडें राहतें. लाट मात्र आपल्याच वेळेला परतते, अर्ध्यांतच काम आटोपते आणि पुढें मिश्रणाला बाहेर जावयास वाट मोकळी मिळते. झोपाळ्याला योग्य क्षणीं बोट लावलें तरी झोका वाढतो आणि भलत्या क्षणीं दोन्ही हातांनीं ढकललें तरी तो अडखळतो, त्यांतलाच हा प्रकार. म्हणून असें इंजिन खालच्या फेऱ्यांवर मंद असतें; आणि नळी ‘जुळली’ कीं शक्ति पायरीपायरीनें न वाढतां एकाएकीं उसळते.

हलकेपणा आणि ही नवी नळी यांनीं मोटोक्रॉसचें चित्र पालटलें. १९६४ व १९६५ मध्यें इंग्लंडचा जेफ स्मिथ बीएसएच्या फोर-स्ट्रोकवर ५०० सी.सी. वर्गाचा जगज्जेता होता. १९६६ मध्यें पूर्व जर्मनीचा पॉल फ्रीड्रिक्स चेकोस्लोव्हाकियाच्या सीझेडवर जिंकला आणि पुढचीं दोन वर्षेंहि तोच जिंकत राहिला. त्याच्या टू-स्ट्रोक गाडीचें इंजिन अवघें ३६० सी.सी.चें होतें. सीझेडची भावंड जावा, आणि म्हैसूरच्या कारखान्यांत १९६१ पासून तयार होणारी जावा ती हीच. तेव्हां हें घराणें आपल्याला अगदींच अनोळखी नाहीं. १९७१ पासून बेल्जियमच्या रॉजर डी कॉस्टर यानें सुझुकीवर पांच अजिंक्यपदें मिळविलीं. त्याची गाडी इतकी हलकी होती कीं आंतरराष्ट्रीय संघटनेला १९७३ च्या हंगामापासून ५०० सी.सी. वर्गाकरितां ९५ किलोग्रॅमची किमान मर्यादा घालावी लागली. मोठ्या वर्गांतील ह्या पहिल्या टू-स्ट्रोक विजेत्यांची इंजिनें मर्यादेपेक्षां लहान होतीं, हें येथें मुद्दाम नोंदण्यासारखें आहे.

पण गिऱ्हाइकाला आंकडा मोठा लागतो. १९७१ मध्येंच सुझुकीनें टीएम ४०० नांवाची गाडी सर्वसाधारण लोकांसाठीं बाजारांत आणली. ३९६ सी.सी. व जाहीर अश्वशक्ति ४०. त्या काळच्या त्याच आकाराच्या इतर गाड्यांच्या मानानें हा आंकडा कांहीं जगावेगळा नव्हता, तरीहि ही गाडी फार बदनाम झाली. तिचें फ्लायव्हील, म्हणजे फेऱ्यांचा वेग सांभाळून धरणारें चक्र, हलकें होतें आणि ठिणगीची वेळ अशी बदले कीं शक्ति झटक्यासरशीं येई. स्वारानें वळणावर मूठ थोडी पिळावी, कांहींच होऊं नये, आणखी थोडी पिळावी, आणि मागचें चाक एकदम बाजूला निघून जावें! फ्लायव्हीलला जादा वजन जोडणें आणि ठिणगीची यंत्रणा बदलणें हे तिच्यावरील प्रसिद्ध उपाय होते. ह्या उपायांनीं अश्वशक्ति वाढत नसे. तरी गाडी जलद होई, कारण स्वार मूठ पिळण्यास धजावे.

पुढच्या दहा वर्षांत आकार वाढतच गेला. पश्चिम जर्मनींतील मायकोची १९८१ ची ४९० ही गाडी प्रत्यक्षांत ४८८ सी.सी.ची होती, सिलिंडराचा व्यास ८६.५ मिलिमीटर आणि दट्ट्याची धांव ८३. तिची अश्वशक्ति पन्नासाच्या वर असूनहि ती सौम्य मानली गेली, कारण तिची शक्ति खालपासून सलग येत असे. दुर्दैवानें १९८३ मध्यें त्या कंपनीचें दिवाळें निघालें. नंतर मैदान जपान्यांचें झालें. होंडाची सीआर ५०० ही १९८४ पासून (व्यास ८९, धांव ७९, म्हणजे ४९१ सी.सी.) आणि कावासाकीची केएक्स ५०० (व्यास व धांव दोन्ही ८६, म्हणजे ४९९ सी.सी.) ह्या त्या मालिकेंतल्या शेवटच्या नामांकित जोड्या.

ह्यांची अश्वशक्ति साधारणतः ५५ ते ६० च्या घरांत धरावयास हरकत नाहीं. येथें मात्र एक आश्चर्य दिसतें. १९९० च्या सुमारास १२५ सी.सी.ची शर्यतीची टू-स्ट्रोक गाडी पस्तिसाच्या आसपास अश्वशक्ति देई. त्रैराशिक मांडलें तर ५०० सी.सी.नें एकशेंचाळीस द्यावयास हवी होती! ती निम्मीहि देत नाहीं. कारण साधें आहे. सर्व मापें दुप्पट केलीं तर सिलिंडराचें पोट आठपट होतें, पण दारांचें क्षेत्रफळ चौपटच होतें. मोठ्या पोटाला लहान तोंड. त्यामुळें मोठें इंजिन फार फेऱ्या घेऊं शकत नाहीं. तसें केलें तर त्याला श्वास पुरत नाहीं. शिवाय मोठ्या व्यासांत ज्योत कडेपर्यंत पोंचण्यापूर्वीं कडेचें मिश्रण आपोआप भडकण्याचें भय असतें, आणि जाड दट्ट्याची उष्णता निघून जाण्यास वेळ लागतो. तेव्हां मोठ्या इंजिनाचें वैशिष्ट्य आंकड्याच्या उंचींत नाहीं. ६,००० च्या आसपासच्या फेऱ्यांतच त्याची सारी शक्ति येते, म्हणजे गुणाकारांतील दुसरा आंकडा लहान असून पहिला, पिळाचा आंकडा मोठा आहे.

तो किती मोठा, हें पाहण्यासारखें आहे. ६,००० फेऱ्यांना ५५ अश्वशक्ति म्हणजे एक मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला साडेसहा किलोग्रॅम वजन टांगल्याइतका पीळ. बजाज चेतकच्या इंजिनाचा पीळ अशा एका किलोग्रॅमच्या आसपासचा होता. पहिल्या गिअरमध्यें हा पीळ दहापटींहून अधिक वाढून मागच्या चाकास पोंचतो. चाकाची त्रिज्या एक तृतीयांश मीटर धरली, तर जमिनीवर मागें रेटण्याचा जोर दोनशें किलोग्रॅमच्या घरांत जातो. गाडी शंभर किलोग्रॅमची, स्वार ऐंशींचा. दोघांचें मिळून जें वजन त्याहून अधिक जोरानें चाक जमीन ढकलूं पाहतें! अशा वेळीं दोनच गोष्टी होऊं शकतात. माती धरून राहिली तर पुढचें चाक आकाशाकडे जातें. माती सुटली तर मागचें चाक जागच्या जागीं फिरतें. दोन्ही प्रसंगीं अश्वशक्तीचा गाडी पुढें जाण्याशीं संबंध राहत नाहीं. म्हणून ह्या गाड्यांचे जाणते स्वार गिअर एक पायरी वर ठेवून, फेऱ्या चढूं न देतां चालवीत. आणि होंडाच्या १९८२ च्या ४८० ह्या गाडीला चारच गिअर देऊन भागलें होतें.

यावरून इंजिनिअरांचे पुढचे प्रयत्न कोणत्या दिशेनें झाले असतील हें ध्यानांत येईल. शक्ति वाढविणें हा प्रश्न राहिलाच नव्हता. ती माणसाळविणें हा प्रश्न होता. यामाहानें १९७२ च्या सुमारास प्रचारांत आणलेली पातळ पात्यांची झडप मिश्रणाला उलट कार्ब्युरेटरकडे जाऊं देईना. त्यामुळें खालच्या फेऱ्यांवरील अडखळणें कमी झालें. पुढें बाहेरच्या दाराची उंचीच चालतां चालतां कमीजास्त करणारी झडप निघाली. कावासाकीनें ती आपल्या ५०० ला बसविली. होंडानें आपल्या ५०० ला ती शेवटपर्यंत बसविली नाहीं, मात्र १९८५ पासून त्या गाडीला पाण्याचें थंडावण दिलें. तें हवेच, कारण नुसत्या हवेनें थंड होणारें इतकें मोठें सिलिंडर शर्यतीच्या उत्तरार्धांत तापून शक्ति गमावी, आणि एकसारखें न तापल्यामुळें वांकडेंहि होई.

आंकड्यांविषयीं आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ह्या जुन्या गाड्या आतां हौशी लोक भारी किंमती देऊन घेतात आणि विकणारा सत्तर अश्वशक्तीच्या खालीं बोलत नाहीं. कारखान्याचा आंकडा बहुधा क्रँकवर मोजलेला असतो. गिअर व सांखळी यांतून मागच्या चाकापर्यंत जातां जातां त्यांतला दहावा भाग किंवा त्याहून थोडा अधिक खर्ची पडतो. मोजण्याचीं यंत्रेंहि एकमेकांशीं तंतोतंत जुळत नाहींत. तेव्हां निरनिराळ्या ठिकाणीं मोजलेल्या दोन आंकड्यांतला चारपांचांचा फरक मनावर घेण्याचें कारण नाहीं. शहाण्या गिऱ्हाइकानें शेवटचा आंकडा विचारण्याऐवजीं आलेख पाहावा. त्यांतील रेषा कोठून चढूं लागते, किती उभी चढते, आणि माथ्यावर किती वेळ टिकते, हें ज्याला वाचतां आलें त्याला गाडी न चालवितांहि तिचा स्वभाव कळला. जिना आणि शिडी एकाच माळ्यावर जातात, पण म्हाताऱ्या माणसाला दोन्ही सारख्या नाहींत.

ह्या गाड्यांचा अस्तहि अश्वशक्तीच्या तुटवड्यानें झाला नाहीं. १९९३ मध्यें जॅकी मार्टेन्स हा बेल्जियन स्वार हस्कवर्नाच्या फोर-स्ट्रोकवर ५०० सी.सी. वर्गाचा जगज्जेता झाला. त्याच वर्षानंतर अमेरिकेनें आपली ह्या वर्गाची राष्ट्रीय स्पर्धा बंद केली. १९९७ मध्यें अमेरिकन स्वार डग हेन्री यानें यामाहाच्या नव्या ४०० सी.सी. फोर-स्ट्रोकवर लास व्हेगासची शर्यत जिंकली, आणि पुढल्या वर्षीं तसली गाडी दुकानांत आली. धुराविषयींचे कायदे कडक होतच होते. आज साडेचारशें सी.सी.ची फोर-स्ट्रोक गाडी जुन्या पांचशेंइतकीच अश्वशक्ति देते, पण दीडपट फेऱ्यांवर आणि सलग चढत्या रेषेनें. होंडाची ५०० २००१ पर्यंत आणि कावासाकीची २००४ पर्यंत विकली गेली. अखेरच्या काळांत त्यांना मान होता तो मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पांतील वाळवंटी शर्यतींत. तेथें मैलोगणती सरळ व मोकळी वाट असते, मूठ पुरती पिळून ठेवतां येते, आणि जी शक्ति वळणावळणाच्या आंखूड मैदानांत ओझें झाली होती तिला अखेर जागा सांपडली.

जुनी ५०० आज ज्यांच्याकडे आहे त्यांना तिच्या पिळाची पहिली ओळख चालवितांना नव्हे, तर सुरू करतांनाच होते. अर्धवट मनानें किक मारली आणि दट्ट्या वर पोंचण्यापूर्वींच ठिणगी पडली, तर तोच स्फोट किकचा दांडा उलट फेंकतो; साध्या चपलेचा पाय अशा वेळीं मोडूंहि शकतो. म्हणून जाणता मालक जाड तळाचा बूट चढवितो, दांडा हलकेच दाबून दट्ट्या वरच्या टोकाच्या किंचित् पलीकडे आणतो, दांडा परत वर घेतो, मूठ बंद ठेवतो, आणि मग सारें अंग टाकून, मधें कोठेंहि न थांबतां, पाय थेट तळापर्यंत नेतो.